जामसंड्यांतील एक निदान

देवगडच्या हापूसाची पेटी ज्यांच्या घरीं दरवर्षीं येते, त्यांस शेजारच्या जामसंड्याचें नांव सांगावयास नको. हल्लीं दोन्ही गांवांची नगरपंचायत एकच आहे. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांपलीकडे कलमांची दाट छाया आणि श्रीदिर्बादेवी-रामेश्वराचें देऊळ, एवढें सांगितलें म्हणजे गांवाचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. गेल्या वैशाखांत आम्ही तेथें गेलों तें मात्र आंब्यांसाठीं नव्हे. आमच्या थोरल्या भगिनींस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेकरितां कोल्हापुरास न्यावयाचें होतें.

राधानगरी, दाजीपूर या मार्गानें फोंडा घाट उतरून आम्ही गेलों. पुतण्याच्या मोटारीस एक विचित्र खोड होती. मोकळ्या रस्त्यावर ती शांत असे. पण रहदारींत उभी राहिली, कीं तापमानाचा कांटा तांबड्या रेषेकडे धांवे. शहरांतील एका कारखान्यांत "हेडचें गॅस्केट गेलें, इंजिन खोलावें लागेल" असा निर्णय मिळाला होता; खर्चाचा आंकडा धडकी भरविणारा होता. भगिनींच्या अंगणांत नुसती चालू ठेवली असतांच मोटार पुन्हां तापली. शस्त्रक्रिया परवांवर आलेली! भगिनी म्हणाल्या, "अरे, घाटांत मला उन्हांत बसवून ठेवण्यापेक्षां राहूं दे तो डोळा. इतकीं वर्षें काढलीं, आणखी काढीन." हें बोलणें आमच्या मनास लागलें.

उतावळेपणानें आम्हीं रेडिएटरच्या टोपणास हात घातला, तोंच बोलावून आणलेला तरुण मिस्त्री ओरडला, "मास्तरांनु, उघडू नकात, हात भाजतलो!" त्याचें खरेंच होतें. टोपणाच्या दाबामुळें आंतील पाणी १०० अंशांवरही उकळत नाहीं; टोपण निघतांच तें उसळून अंगावर येतें. इंजिन निवेपर्यंत थांबून त्यानें स्वतः टोपण काढलें. पाणी पुरेसें होतें, बुडबुडे नव्हते, तेल दुधाळ झालें नव्हतें, धूरही पांढरा नव्हता. गॅस्केटवरील आरोप तेथेंच डळमळला.

मग त्यानें विचारलें, धांवतांना मोटार तापते काय? आम्हीं नाहीं म्हणतांच त्यानें उलगडा केला. धांवतांना समोरचा वारा रेडिएटरमधून आपोआप जातो. उभी असतांना तें काम विजेच्या पंख्याचें. पाण्याचा पंप बिघडता, तर ती धांवतांनाही तापती. वाचकहो, हाच अन्वय-व्यतिरेक! वारा आहे तेथें ताप नाहीं. वारा नाहीं तेथें ताप आहे. संस्कृतांत अग्नीस वायुसख म्हणतात. येथें वायु हाच त्याचा शास्ता. जन्मभर मुलांस शिकविलेला न्याय दारांतील मोटारीस लावण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, याची लाज वाटली.

त्यानें ए. सी. चालू केला, तेव्हां पंखा फिरावयास हवा, तो फिरला नाहीं. बॅटरीवरून परभारें वीज देतांच फिरला. म्हणजे पंखा निर्दोष. फ्यूजही शाबूत होता. शेवटीं त्यानें पंख्याचा रिले काढून त्या जागीं भोंग्याचा तसाच रिले बसविला. पंखा फिरूं लागला आणि भोंगा मुका झाला! चोर सांपडला. खाऱ्या हवेनें त्याच्या पायांस हिरवा कळंक चढला होता. नवा रिले बसवून, सांधे घांसून आणि रेडिएटरच्या फटींतील धूळ धुऊन त्यानें मोटार अर्धा तास उभ्या जागीं चालू ठेवली. कांटा चढे, पंखा घरघरे, कांटा उतरे. भगिनी ओटीवरून हें सारें ऐकत होत्या. "आतां येतें," एवढेंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशीं फोंडा घाटांत एका लॉरीमागें आम्ही बराच वेळ खोळंबलों. पुढून पंख्याची घरघर आली, तेव्हां आम्हां दोघांसही हायसें वाटलें. वाचकांवर असा प्रसंग आल्यास ए. सी. बंद करावा, सांवलींत थांबून इंजिन विझवावें, तें निवेपर्यंत टोपणास शिवूं नये. आणि इंजिन खोलण्यास संमति देण्यापूर्वीं पंखा फिरतो कीं नाहीं, एवढें अवश्य पहावें.