चौथी शिकलेले विठ्ठलराव

आमच्या उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. सहकाराचा विषय निघाला की लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचे नाव येतेच. "आपा, ते किती शिकले होते?" मुले विचारतात. चौथी, असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. मग मी पुढचे सांगते.

नगर जिल्ह्यातल्या या शेतकऱ्याने १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली. प्रवरेच्या कालव्यावर ऊस होता, पण गुळाचा भाव पडला की शेतकरी सावकाराच्या दारात. साखर कारखाना काढणे हे पैसेवाल्यांचे काम समजले जाई. विठ्ठलराव गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५०-५१ मध्ये प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम झाला. पायपीट विठ्ठलरावांची, पण पहिले अध्यक्ष गाडगीळ! खुर्चीसाठी भांडणे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे नवलच. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८० मध्ये ते गेले, तोवर तिथे शाळाही उभी राहिली होती.

आमच्या सिल्लोडकडे मका, कापूस आणि हिरवी मिरची. मिरची तोडायला बाया उन्हात दिवसभर वाकतात आणि संध्याकाळी भाव ठरतो तो व्यापाऱ्याच्या तोंडून. नाशवंत माल, घरी परत कोण आणणार? दहा घरांनी माल एकत्र केला तर बोलण्यात थोडे तरी वजन येईल.

आपल्या घरांत इथे सूदचा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. कर्ज घ्यावे की नाही, हे जो तो आलिमांना विचारून ठरवील. पण खत, बियाणे मिळून आणणे, माल मिळून विकणे, यात सूद कुठे आला? कर्ज नको म्हणून आपण सोसायटीच्या सभेलाही जात नाही, हे मला पटत नाही.

अब्बा मरहूम दरवर्षी सभेला जात. शेजारी म्हणत, "वहाँ अपनी कौन सुनता है?" अब्बा म्हणत, "पाच एकरवाल्याला एक मत, पन्नास एकरवाल्यालाही एकच."

त्यांच्या इंतेकालानंतर सातबाऱ्यावर आम्हा बहिणींची नावे लागली. हक्कसोडपत्राची गोष्ट निघाली होती, पण अम्मीने ती तिथेच थांबवली. शरियतने दिलेला हिस्सा कोणी सोडायचा नाही, म्हणाली. मी सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज भरला तेव्हा भाईजान हसले, "शाळा सोडून तू सभेला येणार?"

सभा रविवारी ठेवा, असे मी अर्जासोबत वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. शेजारच्या खालाही आता त्यांच्या जमिनीचा उतारा काढून आणणार आहेत.