माहूरचा डोंगर खाली वाकून पाहा



नरसी नामदेवला कयाधूच्या काठी संत नामदेवांच्या देवळात तुम्ही पुष्कळदा गेला असाल. पावसाळ्यात तिथे नदीकडेही जरा निरखून पाहा. पाणी चहासारखे गढूळ असते. तो रंग आपल्या शेतातल्या मातीचा. कयाधू पैनगंगेला मिळते आणि पैनगंगा माहूरच्या डोंगराजवळून वळसा घेऊन पुढे जाते. म्हणजे आपली माती आपल्याआधीच माहूरची वारी करते!

मागच्या भाद्रपदात आम्ही घरची मंडळी माहूरला गेलो. हिंगोलीहून पुसदमार्गे धनोड्याचा पूल ओलांडला, की सागाच्या जंगलाने भरलेले डोंगर समोर येतात. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक. रेणुकामातेचे दर्शन घेऊन आम्ही दत्तशिखराच्या वाटेने पायी निघालो. वाटेत एक जोराची सर आली.

सर ओसरल्यावर दोन जागा शेजारी-शेजारी दिसल्या. एकीकडे सागाखाली पालापाचोळा आणि गवत होते. तिथून झिरपणारे पाणी नितळ होते. दुसरीकडे साग तेवढेच मोठे, पण उन्हाळ्यात वणव्याने खालचा पाचोळा जळालेला. तिथे मुळ्या उघड्या पडल्या होत्या आणि लाल पाणी धावत होते.

असे का होते? सागाचे पान मोठे. त्यावर पाणी साचून टपोरा थेंब होतो. तो उंचावरून उघड्या जमिनीवर आदळला, की माती उडते. खाली पाचोळा असेल तर तो मार झेलतो.

तीस वर्षे मी गावोगाव 'झाडे लावा' म्हणून सांगत आलो. ती निम्मीच गोष्ट होती, हे त्या वाटेवर पटले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्या शेतात सोयाबीनचे भुसकट पेटवतात, ते तरी वेगळे काय?" मला उत्तर सुचले नाही. काडी आमच्याच घरची होती.

तेव्हा यंदा भुसकट, काडीकचरा जाळू नका. गुरांना घालून उरेल ते हळदीत आच्छादन म्हणून पसरा, नाही तर खतात कुजवा. पेरणी उताराला आडवी करा. गावच्या गायरानाचा एक कोपरा तरी चराईतून मोकळा ठेवा आणि गवत कापून आणा.

माहूरला जरूर जा. नवरात्रात गर्दी फार, म्हणून पावसाळा सरता सरता जा. शिखरावरून दूरचे डोंगर तर पाहाच, पण चढताना पायाखालची जमीनही पाहत जा.