रुक्का घेऊन दाभोळकडे

कोकणातल्या आमच्या घरांत लग्न ठरलं, की पहिला रुक्का गावच्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, अशी रीत आहे. आता निम्मं घर मुंब्रा-कौशात, काही आखातात, कुणी विलायतेत. मोबाइलवर रुक्का एका मिनिटात सगळीकडे पोहोचतो. तरी रमजानच्या आधी, शाबानमध्ये माझ्या भाचीचा निकाह ठरला, तेव्हा भाईने सांगितलं, ‘‘छापखान्यातून रुक्के आले की आधी फुफीकडे जायचं. बाकीच्यांना नंतर.’’

फुफी म्हणजे मरहूम अब्बांची थोरली बहीण. दाभोळच्या खाडीजवळ आमचं गाव; तिचं माहेर आणि सासर एकाच गावातल्या दोन मोहल्ल्यांत. वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांनी जवाब दिलाय, त्यामुळे लग्नाला मुंब्र्याला येणं तिला शक्य नव्हतं. जिला यायचंच नाही तिच्याकडे एवढ्या लांब रुक्का घेऊन कशाला जायचं, असं भाचीच्या धाकट्या भावाने विचारलंही. भाईने उत्तर दिलं नाही, गाडीत पेट्रोल भरून आणलं.

आम्ही चौघं निघालो. भाई गाडी चालवत होता. शेजारी भाभी, मागे मी आणि नवरी मुलगी. लग्नाला तीन आठवडे राहिलेले, पोरीने उन्हातान्हात फिरू नये, असं भाभीचं म्हणणं. पण भाचीने ऐकलं नाही. ‘‘फुफीदादी निकाहाला येणार नाही, मग मीच तिला भेटून येते,’’ म्हणाली.

मुंब्र्याहून शिळफाटा, तळोजा, पनवेल आणि मग पळस्पे फाटा. इथून कोकणाचा रस्ता सुरू होतो. पूर्वी त्याला 17 नंबरचा हायवे म्हणायचे, आता 66 नंबर. चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये पळस्प्याच्या बाजूने सुरू झालं. तेव्हा माझी भाची प्राथमिक शाळेत होती. आता तिचं लग्न आलं, आणि इंदापूर-माणगावच्या बाजारात गाडी अजून बैलगाडीसारखी सरकते. कर्नाळ्याच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला की लहानपणी आम्ही ‘गाव आलं’ म्हणून ओरडायचो. गाव तिथून पाच-सहा तास लांब असायचं, पण अम्मी कधी आम्हाला खोटं पाडायची नाही. पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने, वडखळला चहा, मग नागोठणे, कोलाड.

लोणेऱ्याला भाईने विचारलं, ‘‘आंबेतवरून जाऊ या का?’’ इथून गोरेगावमार्गे आंबेतला जाता येतं, सावित्री ओलांडली की मंडणगड, पुढे दापोली. आंबेत हे बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव. 1980 ते 82 या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. आमच्या अब्बांच्या पिढीला त्याचा मोठा अभिमान. पण भाभीला वळणावळणाच्या रस्त्याने मळमळतं, म्हणून आम्ही सरळ महाडचा रस्ता धरला.

महाडचं चवदार तळं मी दरवर्षी वर्गात शिकवते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. महाडजवळ सावित्रीचा पूल आला तशी गाडीतली बडबड थांबली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. पण कोकणातलं माणूस अजून या पुलावर खिडकीतून खाली बघतं. भाभीच्या ओठांवर दुआ होती.

पोलादपूरच्या पुढे कशेडी. पूर्वी या घाटात आम्ही भावंडं लिंबू हुंगत बसायचो. आता सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत पलीकडे जाते. भाचीला घाट आठवतच नव्हता.

खेडला एका नातेवाइकांच्या घरी थांबलो. भाई मशिदीत गेला, आम्ही तिघींनी घरात नमाज पढली. आम्ही कोकणी बहुतेक शाफई. सफरमध्ये जोहर आणि असर कसर करून एका वेळेला पढायची सवलत आमच्या मसलकात आहे. मग फुरूसवरून दापोलीचा रस्ता. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची घरं, त्यांत मधूनमधून आखातातल्या कमाईची दुमजली घरं. रंग ताजा, जाळीच्या खिडक्या, आणि दाराला कुलूप. आंब्यांना मोहोर आला होता. त्याचा वास गाडीत भरला तेव्हा भाईने एसी बंद करून काचा खाली केल्या.

दापोलीहून उताराने दाभोळ. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर अंजनवेलचा वीज प्रकल्प दिसतो. नाव मिळालं दाभोळचं, चिमण्या मात्र समोरच्या गुहागर तालुक्यात. एके काळी हे बहमनी आणि आदिलशाही राज्यांचं मोठं बंदर होतं. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं, तरी ते पुन्हा वसलं. खाडीच्या काठावर आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, मोठा घुमट आणि चार मिनार असलेली. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, समुद्रातल्या धोक्यामुळे तिला इथेच थांबावं लागलं, आणि हजसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली, असं गावोगाव सांगतात. इतिहास असो की आख्यायिका, त्यातली एक गोष्ट भाचीला फार आवडली. ‘‘म्हणजे पैसे तिचे स्वतःचे होते, आणि कुठे घालायचे ते तिनेच ठरवलं,’’ ती म्हणाली.

गावात पोहोचेपर्यंत मगरिबची अजान झाली. फुफी ओटीवर खुर्ची टाकून बसली होती. तिने आधी नवरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग आम्हाला सलामाचं उत्तर दिलं. चुलत वहिनीने तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या रसातली कोळंबी आणि सांदणं केली होती. जेवण झाल्यावर भाईने रुक्का फुफीच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांना लावला, उलटसुलट केला आणि विचारलं, ‘‘यात हॉलचं नाव आहे, जेवणाची वेळ आहे. मेहर काय ठेवलाय?’’

फुफी अस्सल कोकणी बोलते. तिचं बोलणं मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते आहे.

भाई म्हणाला, ‘‘एक लाख.’’

‘‘रोख की उधार?’’

भाई गप्प. बैठकीत हॉल ठरला होता, माणसं किती ते ठरलं होतं, दोन्हीकडच्या कपड्यांचं ठरलं होतं. मेहरचा आकडा मुलाकडच्यांनी सांगितला आणि आपल्याकडच्यांनी मान डोलावली. रोख की उधार, हा शब्दच निघाला नव्हता. आणि जिथे शब्द निघत नाही तिथे उधारच लिहिलं जातं, हे सगळ्यांना माहीत असतं.

फुफीने वहिनीला ट्रंक उघडायला लावली. तळाशी कापडात गुंडाळलेला तिचा निकाहनामा होता, उर्दूतला, घड्यांवर फाटलेला. तो माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘‘तू उर्दूची मास्तरीण. वाच काय लिहिलंय ते.’’

मेहरच्या रकमेपुढे एक शब्द होता, ‘मुअज्जल’. भाची मराठी माध्यमात शिकलेली. तिने विचारलं, ‘‘म्हणजे काय?’’ मी तिला सांगितलं, की उर्दूत असे दोन शब्द आहेत. एकात ऐन येतो, दुसऱ्यात हमजा. ऐनवाला म्हणजे ताबडतोब द्यायचा, हमजावाला म्हणजे नंतर कधी तरी. देवनागरीत लिहिले तर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, आणि आपल्या घरांत बोलताना दोघांचा आवाजही एकच होतो. फुफीच्या कागदावर हमजा होता.

‘‘तुमचे फुफा जहाजावर होते,’’ फुफी सांगू लागली. ‘‘सुट्टी मिळाली की भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळला उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे आलेले माणूस अडकले आणि न आलेले राहिले. हात सढळ होता त्यांचा. माझ्यासाठी शिलाई मशीन आणलं, रेडिओ आणला, जपानी साड्या आणल्या. मेहर तेवढा कागदातच राहिला. त्यांना आठवला नाही, मला मागायची लाज वाटली. मग ते गेले. जनाजा उचलायच्या आधी बायका माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, मेहर माफ केलास ना? मयताच्या मानेवर कर्ज नको. मी म्हटलं, केला.’’

ती थोडा वेळ थांबली. ‘‘समोर नवऱ्याची मयत असताना कोण बाई नाही म्हणेल? माफी ही खुशीने द्यायची चीज. माझ्याकडून ती त्या घाईत घेतली. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. अल्लाह त्यांना जन्नत देवो. पण त्या दिवशी मला कुणी तरी हे विचारायला नको होतं. लग्नाच्या दिवशी विचारायचं असतं, ते मौतीच्या दिवशी विचारलं.’’

ओटीवर कुणी बोललं नाही. भाभीने पदराने डोळे टिपले. मग फुफीने नवरीकडे बघितलं. ‘‘तुझ्या बापाला मी सांगणार नाही. तू सांग, तुला काय पाहिजे?’’

भाची बीकॉम झालेली, एका ऑफिसात हिशेब बघते. तिने मान खाली घालून, पण स्पष्ट सांगितलं, ‘‘एक लाख कागदावर नकोत. त्यांना आज जेवढं देता येईल तेवढंच ठेवा. पण निकाहाच्या वेळी हातात द्या.’’

फुफी हसली. दात नसलेलं ते हसू मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई दाभोळच्या धक्क्यावर गेला. गावात मोबाइलची रेंज धड येत नाही. धोपाव्याला जाणारी फेरीबोट सुटेपर्यंत तो मुलाच्या वडिलांशी बोलत होता. त्यांना आधी वाटलं, मुलीकडचे अविश्वास दाखवतायत. भाईने समजावलं, की यात अविश्वास नाही. मुलगी रक्कम कमीच करायला सांगतेय. संध्याकाळी मुलाचाच फोन आला. त्याने 50 हजार स्वतःच्या बचतीतून द्यायचं कबूल केलं. हॉलच्या स्टेजची फुलांची सजावट कमी करायला त्याने घरच्यांना राजी केलं होतं. भाभीला स्टेजचं थोडं वाईट वाटलं, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही.

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात सूरह निसा पढत होते. तिच्या पहिल्याच आयतीत रक्ताच्या नात्यांबाबत अल्लाहची भीती बाळगायला सांगितलं आहे, आणि चौथ्या आयतीत स्त्रियांचा मेहर त्यांना खुशीने द्यायला. या दोन हुकमांमध्ये फक्त दोन आयती आहेत. सिला-रहमी म्हणून आपण नातेवाइकांच्या घरी जातो, मिठाईचा डबा ठेवतो आणि परत येतो. पण वडीलधाऱ्यांजवळ बसलं की त्या घरात आधी झालेल्या लग्नांचा हिशेबही कळतो. मोबाइलवरच्या रुक्क्याला फुफीने ‘माशाल्लाह’ म्हटलं असतं. ट्रंक उघडायला तिच्यासमोर बसावंच लागलं.

ज्या घरांत लग्न ठरलंय त्यांना मी एवढंच सुचवीन. रुक्का द्यायला जाताना मुलीलाही बरोबर न्या. आणि काझीसाहेब निकाहनामा भरतील तेव्हा ‘मुअज्जल’ या शब्दावर थांबू नका. साध्या मराठीत विचारा, रोख की उधार? उधार असेल तर कधी द्यायचा, तेही लिहून घ्या. न दिलेला मेहर नवऱ्यावरचं कर्ज असतं. तो मरण पावला तर वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते फेडावं लागतं. जनाज्याजवळ बायकोकडून माफी मागून घेण्याची गरजच पडू नये, ही जबाबदारी लग्न ठरवणाऱ्यांची आहे.

निकाह अल्लाहच्या मेहरबानीने पार पडला. खुतबा झाला, ईजाब-कबूल झालं, आणि मुलाने पाकीट पुढे केलं. भाईने ते आत नवरीजवळ आणून दिलं. वहिनी त्या दिवशी फुफीला रेंज मिळेल अशा उंचवट्यावरच्या घरी घेऊन बसली होती. मी व्हिडिओ कॉल लावला, नवरीचा चेहरा दाखवला, मेंदी दाखवली, दागिने दाखवले. फुफीने सगळ्याला दुआ दिली. मग फोनच्या अगदी जवळ येऊन तिने नवरीला विचारलं,

‘‘मोजून घेतलेस ना, पोरी?’’