ओ नसलेला ओ

वाटाण्याचा धडा यंदा पुन्हा सुरू केला. मेंडेलने ब्र्नोच्या मठात १८५६ ते १८६३ वाटाणे लावले, एवढे फळ्यावर आले की मुले ३:१ वहीत उतरवतात आणि पान उलटतात. मला मात्र मूळ आकड्यांपाशी थांबावेसे वाटते. गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. आदल्या पिढीत सुरकुतलेला दाणा एकही नव्हता. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत असते, तर हे १८५० दाणे परत आले कुठून? आणि आले ते पुरते सुरकुतलेले, आजीसारखे.

*

‘प्रभावी’ हा शब्द मुलांना दरवर्षी फसवतो. ती त्याचा अर्थ ‘बलवान’ असा घेतात. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारे एक विकर नीट बनत नाही. साखर जास्त राहते, दाणा पाणी धरतो आणि वाळताना आकसतो. गोल रूपाची एक प्रत जरी असली तरी पुरेसे विकर बनते, म्हणून दाणा गोल. दुसरी प्रत तिथेच शाबूत असते. पुढच्या पिढीत जाण्याची तिची संधी पहिलीइतकीच, निम्मी.

*

आपल्याकडचे उदाहरण हवे म्हणून आज मुंबईचा रक्तगट घेतला.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या प्रकारच्या रक्ताची नोंद केली. पेशींवर ए नाही, बी नाही. म्हणजे ओ म्हणावे, तर त्याच रक्तातला द्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करत होता. ओ रक्त ओ रक्ताला परके! शहराचे नाव पुढे बदलले, रक्तगट मात्र ‘बॉम्बे’च राहिला.

*

कारण सांगताना मी खुंटीचा दाखला देतो. तांबड्या पेशीवर आधी एच नावाची खुंटी बसते. ए आणि बी ही त्या खुंटीवर आणखी एकेक साखर टांगणारी जनुके. ओ गटात खुंटी असते, वर काही टांगलेले नसते. बॉम्बे गटात खुंटीच नाही. खुंटीचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर, टांगणारे ९ व्या. दोन्ही वेगवेगळ्या जागी, म्हणून वारशाने स्वतंत्रपणे उतरतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तरच खुंटी नाहीशी होते.

*

म्हणजे बॉम्बे गटाच्या माणसात बी जनुक धडधाकट असू शकते. दिसत नाही, पण मुलांना मिळते. जोडीदाराकडून चांगली खुंटी आली की मुलाच्या रक्तात बी उघड होते. १९५५ साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अशीच एक बाई नोंदवली. चाचणीत ती ओ दिसत होती आणि तिच्या मुलांत मात्र तिच्याकडूनच आलेले बी होते.

आता यात बापाला ओ ठरवून पाहा. बाप ओ, आई ए, मूल बी. क्रमिक पुस्तकातला तक्ता म्हणेल, अशक्य. त्या तक्त्याच्या आधाराने एखाद्या बाईवर घरात काय गुदरेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते. म्हणून वर्गात घरच्यांचे रक्तगट आणायला मी कधी सांगत नाही.

*

हिशेब. मुंबईत हा गट साधारण १०,००० मागे एक, असे नेहमी सांगितले जाते. १/१०,००० चे वर्गमूळ १/१००. म्हणजे बिघडलेली प्रत शंभरात एक आणि वाहक जवळजवळ ५० माणसांत एक. लग्ने जातीत, नात्यात होतात, तेव्हा खरा वाहकांचा आकडा याहून कमीच निघेल. तरी मुले चमकली.

आजोबा वाहक आहेत असे धरू. त्यांच्या नातवाचे लग्न परक्या घरात झाले, तर मूल बॉम्बे गटाचे होण्याची शक्यता सुमारे ८०० त एक. आतेभावाचे मामेबहिणीशी झाले, तर ६४ त एक. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, म्हणजे पहिले मूल तसे झाले की पुढची ६३ सुटली?” नाही. आईवडील दोघेही वाहक निघाले, की दर खेपेला चारात एक, नव्याने.

*

या गटाच्या माणसाला फक्त याच गटाचे रक्त चालते. रक्तपेढीत नुसती ए-बीची चाचणी केली तर ‘ओ’ लिहिले जाईल आणि ओ रक्ताची पिशवी त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून उलटी चाचणी हवीच. त्याच्या द्रवात ओ पेशी घालून पाहायच्या.

खुंटी आहे की नाही हे थेट पाहायला एक अर्क वापरतात. तो युलेक्स नावाच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांतून काढतात. निलगिरीच्या डोंगरात हे झुडूप बाहेरून येऊन माजले आहे. त्याचे कूळ शोधले, तर वाटाण्याचेच निघाले. उद्या तासाची सुरुवात त्याच्या शेंगेपासून करीन.