मास्तर

मराठीत शिंप्यालाही मास्तर म्हणतात आणि शिकवणाऱ्यालाही. सौंसरला आमच्या गल्लीत दोन मास्तर राहायचे, एक प्राथमिक शाळेतले आणि दुसरे पँट-शर्ट शिवणारे. आईनं "मास्तरांकडे जाऊन ये" म्हटलं की मी विचारायची, टेपवाले की छडीवाले? पुढं नागपूरला एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये फॅशन डिझाइन शिकायला गेले, तिथं हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. शिकवणारे सगळे सर नाहीतर मॅडम होते. मास्तर एकच होते, आणि ते शिकवणाऱ्यांत मोडत नव्हते.

दारातून आत गेलं की डाव्या हाताला 'आमची फॅकल्टी' असा फलक होता. त्यावर सात नावं, प्रत्येक नावाखाली पदवी, आणि पदवीखाली ती कुठून घेतली ते शहर. मास्तरांचं नाव त्यावर नव्हतं. पगाराच्या रजिस्टरमध्ये ते 'लॅब असिस्टंट' होते, म्हणजे मशीनमध्ये तेल घालणारे, सुया बदलणारे, मुलींच्या हातून बॉबिनचा गुंता झाला की तो सोडवणारे. ड्राफ्टिंगच्या टेबलापाशी मॅडमची पाठ वळली की आम्ही सगळ्या त्यांच्याकडे धावायचो, तो भाग रजिस्टरात कुठं बसत नव्हता.

हे साल 2004. सौंसरहून नागपूरला तेव्हा छोटी लाईन होती. शनिवारी मी इतवारीहून त्या गाडीत बसायची, काखेत ब्राऊन पेपरची गुंडाळी. गाडी इतकी सावकाश चालायची की लोधीखेड्यापर्यंत एका कॉलरची कच्ची शिलाई होऊन जायची. (ती लाईन 2015 च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली, रूळ रुंद करायला.) घरी आई विचारायची, काय शिकलीस? मी म्हणायची, आर्महोल. आई म्हणायची, मुंढा म्हण ना मग. आईनं लग्नाआधी शिवणक्लास केलेला, झारापकरांच्या पुस्तकावरून. त्या पुस्तकाची पानं सुटली होती तरी ते गोदरेजच्या कपाटात दागिन्यांशेजारी असायचं. आमचा सगळा मुलूख असा तीन भाषांत टाचलेला. 1956 पर्यंत आमच्या, म्हणजे तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी, इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजी. एकाच भोकाला तीन नावं, हात मात्र त्याच भोकातून घालायचा.

मास्तर आमच्याच बाजूचे निघाले, पांढुर्ण्याजवळच्या एका खेड्यातले. हे मला कळलं त्यांच्या 'ले'वरून. "कापडाले आधी इचार, मंग कात्री लाव," असं ते म्हणाले, आणि नागपूरच्या त्या काचेच्या इमारतीत मला पहिल्यांदा बरं वाटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते कधीच कामावर नसायचे. जाम नदीवर गोटमार असते त्या दिवशी, पांढुर्णा एका काठाला आणि सावरगाव दुसऱ्या. मी एकदा घाबरून विचारलं, तुम्ही गोटे मारता? ते म्हणाले, "मी कायले मारू? डोळा गेला तं सुई कोन ओवंल?" गावाला जायचे ते नुसतं बघायला.

फलकावरच्या सातांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यातले चार जण तासिका तत्त्वावर होते. एक मॅडम सकाळी आमच्याकडे, दुपारी धरमपेठेत आणि संध्याकाळी आणखी कुठं शिकवायच्या, पर्समध्ये डबा आणि पेनड्राइव्ह बरोबरीनं. रंगांचे एक सर होते. त्यांनी एका पावसाळी सकाळी आम्हाला बर्डीवर नेऊन फक्त छत्र्या पाहायला लावल्या आणि किती काळे रंग दिसले ते लिहून आणा म्हणाले. मी नऊ लिहिले. आजही कापडाच्या दुकानात 'काळा दाखवा' म्हणताना जीभ अडखळते ती त्या सरांमुळे. फलकाबाहेरही माणसं होती. ऑफिसात प्रवेश देणारी ताई होती. तिला कुणाचा कितवा हप्ता थकलाय ते तोंडपाठ, पण कुणाच्या वडिलांची कपाशी यंदा बुडाली तेही तोंडपाठ, आणि दुसऱ्यासाठी ती पहिलं दोन-दोन महिने विसरायची. झाडू मारणाऱ्या मावशींच्या पदराला कायम आठ-दहा सेफ्टी पिना असत. परीक्षेच्या दिवशी मावशींइतकं महत्त्वाचं कुणी नव्हतं.

सभागृहात भानू अथैयांचा मोठा फोटो लावलेला होता. कोल्हापूरच्या राजोपाध्यांची मुलगी, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 साली जॉन मॉलोंबरोबर ऑस्कर, भारताचं पहिलं. प्राचार्य दर भाषणात त्या फोटोकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, असं व्हायचं असेल तर शिक्षण लागतं. गंमत अशी की त्या शिकल्या जे. जे. मध्ये, चित्रकला. दिल्लीची निफ्ट सुरू झाली 1986 ला, त्या ऑस्करनंतर तीन वर्षांनी. हे मी तेव्हा भर सभागृहात उठून सांगायला हवं होतं असं अजून वाटतं. पण हप्ता थकलेल्यांत मीही होते.

एका आठवड्याची गोष्ट सांगते. मंगळवारी फॅशनच्या इतिहासाच्या तासाला मादलेन व्हिओनेची स्लाइड आली. 1920 च्या दशकातलं पॅरिस, अंगावरून पाण्यासारखे ओघळणारे झगे, बायस कट. आम्ही लिहून घेतलं. गुरुवारी लॅबमध्ये मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. उभा ताणला, नाही ताणला गेला. आडवा ताणला, तरी नाही. मग समोरासमोरची दोन टोकं धरून तिरपा ओढला, तो बोटभर लांब झाला आणि मधे अरुंद. "हे उरेब," ते म्हणाले. "उभ्या दोऱ्यावर ओढ पडत नाई, आडव्यावर पडत नाई, दोघाईच्या मधात पडते. म्हनून कापड सरकते. गळ्याले पट्टी उरेब लावतो ते यासाठीच, वळनावर बसते." मंगळवारची स्लाइड आणि गुरुवारचा रुमाल एकच आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मॅडमना उरेब हा शब्द ठाऊक नव्हता, मास्तरांना व्हिओने ठाऊक नव्हती. ती बाईसुद्धा शाळा सोडून लहानपणीच शिवणकामाला लागलेली होती आणि कागदावर चित्र काढण्याऐवजी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून बेतायची. हे मी फार नंतर वाचलं. मास्तरांशी तिचं चांगलं जमलं असतं.

बेतायची, हा शब्द मी मुद्दाम वापरला. कापड मापानं कापण्याला आपण बेतणं म्हणतो आणि मनातल्या योजनेला बेत. डिझाइनला मराठी शब्द शोधताना लोक संकल्पन, अभिकल्प असं काय काय घडवतात, आणि हा शिंप्याच्या फळीवर खडूच्या तुकड्याशेजारी पडून आहे. जिवावर बेततं तेव्हाही तोच असतो, पण ते सोडा.

आता माझ्यावर बेतलेली गोष्ट. शेवटच्या वर्षाला मी जॅकेट केलं होतं. कापड बोरगावच्या रेमंडचं. काका त्या गिरणीत ती 1991 ला सुरू झाली तेव्हापासून होते, त्यांनी आणून दिलेलं. जॅकेटाचा मुंढा मला तीनदा जमला नाही. मी दर वेळी तो खोल करत गेले, हात मोकळा व्हावा म्हणून. मास्तर म्हणाले, उलटं आहे. मुंढा जितका खाली, तितका हात वर करताना सगळा कपडा संगं वर चढते. बगलेशी राहिला, तरच हात एकटा हलते. त्यांनी माझ्या मांजरपाटाच्या नमुन्यावर खडूनं एक वळण काढलं. फ्रेंच कर्व्ह नाही, पट्टी नाही, नुसतं मनगट. मी त्यावरून पेपर कापला, पेपरवरून कापड. जॅकेट असं बसलं की मुली हात वर करून करून पाहू लागल्या.

ज्युरीला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी जॅकेटाची बाही उलटी करून आतून पाहिली. म्हणजे त्या जाणत्या होत्या. म्हणाल्या, आर्महोल सुंदर आहे, कुणी बेतला? मी म्हटलं, मी. मास्तर पाच पावलांवर इस्त्री तापवत उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थापटलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. शिंप्याची परीक्षा कुंभारानं घेतली, ती आपल्या कामाच्या अवजारानं. नामदेव रुसले, पण औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढं त्यांची 61 पदं थेट गुरू ग्रंथ साहिबात गेली. मला त्या दिवशी कुणी थापटलं नाही. प्रथम श्रेणी मिळाली.

त्या श्रेणीच्या जोरावर मी आता स्वतः तासिकेवर शिकवते, नागपुरातच, दुसऱ्या ठिकाणी. फलकावर माझं नाव आहे. विद्यार्थिनीचं जॅकेट समोर आलं की मला मुंढ्यावरून कळतं हात कुणाचा. मी विचारत नाही. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची सोय केली, पदवी नसली तरी नाव आणि पंधरा वर्षांचा अनुभव पुरे, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. मी ते परिपत्रक छापून आमच्या संचालकांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, उद्योगातला एखादा मोठा माणूस मिळाला तर बघू. मी आमच्या इथल्या मास्तरांचं नाव सुचवलं होतं, ते त्यांना विनोदी वाटलं.

माझे मास्तर टाळेबंदीत गावी परतले. पांढुर्ण्यात मुख्य रस्त्यापासून आत त्यांचं दुकान आहे, एक पायमशीन आणि एक फळी. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात गेली, म्हणजे आता आम्ही एका जिल्ह्याचे. त्याच्या काही दिवस आधी, 17 सप्टेंबरला, पंतप्रधान विश्वकर्मा योजना निघाली होती. अठरा व्यवसाय, त्यात शिंपी. मास्तरांनी फॉर्म भरला. सुरुवातीच्या पाच-सात दिवसांच्या प्रशिक्षणाला रोज 500 रुपये मिळतात, पुढं अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. दिवाळीत मी दुकानात गेले तेव्हा नामदेवांच्या तसबिरीशेजारी प्रमाणपत्र टांगलेलं होतं. माझ्या माहितीत त्यांच्या नावाचं, कामाशी संबंधित असं ते पहिलंच कागदपत्र. मी विचारलं, शिकवायला कोण होतं? म्हणाले, "पोरगी होती एक, डिप्लोमावाली. चांगली शिकवते. बाही बसवाले अडली तं दाखवून देल्ली."

मी शिवायला नेलेला ब्लाउज त्यांच्यापुढं ठेवला. यंदा स्वतः बेतलेला, पेपर न वापरता, थेट कापडावर. त्यांनी तो उलटा केला, बगलेपाशी अंगठा फिरवला.

"मुंढा अर्धा इंच खाली गेला. कुनी बेतला?"

"मी."

"बगलेत तुकडा घालावा लागंल," ते म्हणाले, आणि खडू कानावरून काढला. ब्लाउज शनिवारी मिळणार आहे.