गावकऱ्यांच्या हातांनी घडलेले प्रेमाचे स्मारक

लंडनला जाणारे आपले बांधव किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांच्या निवासस्थानी आवर्जून जातात. १९२१-२२ साली शिक्षणासाठी बाबासाहेब तेथे राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले व त्याचे स्मारक केले. तेथे वंदन करून दुसऱ्या दिवशी आम्ही वॉटर्लू स्टेशनवरून गिल्डफर्डची गाडी धरली. तेथून कॉम्प्टन हे लहानसे गाव जवळच आहे. गावच्या दफनभूमीत लाल मातीच्या रंगाची एक गोलसर, नक्षीदार वास्तू आहे. तिला वॉट्स चॅपेल म्हणतात.

मृतांना अखेरचा निरोप देण्यासाठी बांधलेले हे छोटे प्रार्थनागृह. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावाला नवी दफनभूमी हवी होती. चित्रकार जॉर्ज वॉट्स यांच्या पत्नी मेरी वॉट्स यांनी तेथे प्रार्थनागृह उभारण्याचे मनावर घेतले. खर्चाचा भार पतीने उचलला. परंतु मेरीबाईंनी नक्षीकामासाठी शहरातून नामांकित कारागीर आणले नाहीत. त्यांच्या घराच्या आवारातच उत्तम चिकणमाती होती. त्यांनी संध्याकाळचे वर्ग भरवले आणि दिवसभर राबणाऱ्या गावकऱ्यांना मातीकाम शिकवले. सत्तराहून अधिक स्त्री-पुरुषांनी ही नक्षी घडवली. १८९६ साली सुरू झालेली वास्तू १८९८ साली उभी राहिली. आतील सजावट १९०४ पर्यंत चालली.

बाहेरच्या भिंतींवर आशा, सत्य, प्रेम आणि प्रकाश अशा चार कल्पनांचे नक्षीपट्टे आहेत. आत पाऊल टाकताच हिरव्या, तांबड्या, सोनेरी रंगांनी डोळे दिपतात. वेलींच्या गुंफणीत पंखधारी आकृती उभ्या आहेत. काहींचे तोंड उजेडाकडे, तर काहींचे अंधाराकडे आहे. १९०४ सालीच जॉर्ज वॉट्स वारले. त्यांच्या अस्थी याच दफनभूमीत आहेत. गावासाठी उभारलेली वास्तू अशी मेरीबाईंच्या प्रेमाचीही खूण झाली. पुढे त्या वर्गातूनच गावात मातीकामाचा व्यवसाय उभा राहिला आणि कित्येकांच्या हाताला काम मिळाले.

आम्ही बौद्ध. आत्मा आणि देवदूत आम्ही मानत नाही. तरीही तेथून आमचा पाय निघेना. राजेरजवाड्यांनी बांधलेल्या प्रेमाच्या इमारती जगाने पुष्कळ पाहिल्या, पण त्यांचे दगड वाहणारे कोण होते हे कोणी विचारत नाही. येथे मात्र गावकऱ्यांचे श्रम हीच वास्तूची ओळख आहे. आपल्या सांचीच्या तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. श्रमाला मान देण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही.

मग मनात येते, आपल्याकडे मेल्यावरसुद्धा माणसाची जात सुटत नाही. कुठे स्मशानाची वाट अडवतात, तर कुठे आपल्या वाट्याला छप्पर नसलेली, काट्याकुट्यांची जागा येते. हक्कासाठी भांडायचे ते भांडूच. पण आपल्या वस्तीत गवंडी आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत, शिकलेली मुले आहेत. महिन्यातला एक रविवार सर्वांनी मिळून दिला, तर पावसात प्रेत घेऊन ताटकळणाऱ्या कुटुंबाला निदान एक निवारा आणि चार झाडांची सावली मिळेल. गेलेल्या माणसावरच्या प्रेमाचे याहून चांगले स्मारक कोणते?