केळीला एकदाच घड

आमच्या खान्देशात खेळाडू म्हटलं की डोळ्यासमोर पहिलवान येतो. जत्रेत तगतराव निघाला की मागोमाग कुस्त्यांची दंगल. रेवडीपासून सुरुवात, मग नारळ, मग भांडी, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी कुस्ती. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दहा-अकरा वर्षं या शेवटच्या कुस्त्या खेळले. घरची एक म्हैस फक्त त्यांच्या खुराकासाठी होती. आम्हा बाकीच्यांना ताकावर भागवावं लागे, पण त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं. गावात आमचं घर 'पहिलवानाचं घर' म्हणून ओळखलं जायचं.

1984 साली एका जत्रेत दादांचा गुडघा फिरला. तेव्हा ते 29 वर्षांचे होते. हाडवैद्य झाला, जळगावचा दवाखाना झाला, पण पाय पुन्हा आखाड्याचा झाला नाही. शिक्षण चौथी. नोकरी कोण देणार? दादा लंगडत वावरात आले ते आजपर्यंत वावरातच आहेत. भांडी सगळी वापरून झिजली. फेटे आईनं लेकरांच्या अंथरुणाला लावले.

हे सगळं आठवायचं कारण दादांचा नातू. पंधरा वर्षांचा पोरगा, उंची सहा फूट दोन इंच. जळगावला वसतिगृहात राहून शिकत होता आणि बास्केटबॉल खेळत होता. मागच्या वर्षी पुण्याला राहून खेळायचं, शिकायचं, यासाठी त्याची निवड झाली. पोरगा घरी येऊन म्हणाला, "आबा, मला यातच पुढं जायचंय." घरात शांतता. पुतण्याला वाटे पोरानं दहावी करून आयटीआय करावं. सूनबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब एकटा पाठवायचा?" मी दहावी शिकलेला, घरात पेपर वाचणारा, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. या खेळात पोट भरतं का, हे मी शोधून सांगायचं ठरलं.

बास्केटबॉल मला एवढाच माहीत होता: दहा फुटांवर लोखंडी कडं, त्यात चेंडू टाकायचा, एका बाजूला पाच जण. शोधायला लागलो तशी माणसं सापडली. मुंबईच्या नागपाड्यातले अब्बास मुंतसीर भारताचे कप्तान झाले, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या मुलींच्या संघाची कप्तान झाली. पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो पंजाबचा सतनामसिंग. कारण तो शेतकऱ्याचा पोरगा.

बरनाला जिल्ह्यात बल्लो के नावाचं लहान गाव आहे. तिथले बलबीरसिंग शेतकरी, उंची सात फुटांच्या पुढे. तरुणपणी लोकांनी त्यांना सांगितलं, तू बास्केटबॉल खेळ. पण त्यांच्या वडिलांनी शेतीसाठी घरीच ठेवून घेतलं. पुढं मुलगा सतनाम तसाच वाढायला लागला, तेव्हा बलबीरसिंगांनी त्याला शेतात अडकवलं नाही, लहान वयातच लुधियानाच्या अकादमीत घातलं. 2010 साली, चौदा वर्षांचा असताना, तो शिष्यवृत्तीवर अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. इंग्रजीची बोंब, घर हजारो मैल लांब. 25 जून 2015 ला डॅलस मॅव्हरिक्स या संघानं त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. एनबीए ही जगातली सगळ्यात मोठी बास्केटबॉल स्पर्धा, तिच्या संघानं निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू.

हे वाचून मी सूनबाईंना हाक मारली होती. पण पुढचंही सांगणं भाग होतं. सतनाम एनबीएच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. दोन हंगाम खालच्या लीगमध्ये गेले, मग कॅनडातली लीग. पुढं उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत अडकला आणि दोन वर्षांची बंदी लागली. 2021 साली त्यानं अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीच्या कंपनीशी करार केला. दादांनी हे ऐकलं आणि इतक्या दिवसांनी हसले. म्हणाले, "म्हणजे शेवटी आखाड्यातच आला म्हणायचा."

आपल्या देशात फक्त बास्केटबॉल खेळून घर चालवणारे थोडेच. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी अशा ठिकाणी खेळाडूंना नोकरी मिळते. सकाळ-संध्याकाळ सराव, संघाकडून खेळायचं, आणि खेळ संपला तरी पगार चालू. भारताचे कप्तान राहिलेले विशेष भृगुवंशीसुद्धा ओएनजीसीचे. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे.

आणि दाखला शोधायला पंजाबात जायची गरजच नव्हती. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. 2014, 2015 आणि 2016, सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. त्यानंतर शासनानं त्याला पोलीस खात्यात उपअधीक्षक केलं. 2023 साली कॅनडात विनिपेगला जगभरातल्या पोलिसांच्या आणि अग्निशामकांच्या स्पर्धेत तो कुस्तीचं सुवर्णपदक घेऊन आला. दादाही त्याच जिल्ह्याच्या मातीत खेळले, अंगातली रगही तीच. फरक एवढाच की दादांच्या वेळी पहिलवानाला फेटा बांधायचे आणि घरी पाठवायचे.

आम्ही केळी लावणारी माणसं. केळीच्या खांबाला आयुष्यात एकदाच घड येतो. घड भरला की खांब आपोआप वाकतो. म्हणून आम्ही बांबूचा टेकू देतो, नाहीतर मे महिन्यातल्या एका वादळात बाग आडवी होते. आणि खांबाच्या बुडाशी एक चांगला पील राखून ठेवतो, कापणीनंतर त्याचा पिलबाग होतो. खेळाडूचं शरीर मला तसंच वाटतं. त्याचा घड पंचविशी-तिशीच्या आत येतो. तेवढ्यात टेकू मिळाला पाहिजे, आणि बुडाशी दुसरं काहीतरी वाढत असलं पाहिजे. दादांचा घड मोठा होता. टेकू नव्हता, पीलही नव्हता.

मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे पाठवू नको असंच ना?" मी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "जाऊ द्या त्याला. मी दहा वर्षं जे खाल्लं-प्यालं, जे फिरलो, ते सगळं आयुष्य वावरात राहून मिळालं नसतं. पण पोरा, दोन गोष्टी. पुस्तक सोडायचं नाही. आणि पाय दुखला तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही. मी दोन महिने लपवला होता."

गुडघा जत्रेतच गेला असं आम्ही चाळीस वर्षं धरून चाललो होतो. तो आधीपासून दुखत होता, हे त्या दिवशी ओट्यावर पहिल्यांदा कळलं. वहिनींनाही माहीत नव्हतं.

पोरगा जून महिन्यात पुण्याला गेला. अकरावीत नाव घातलंय. रविवारी त्याचा फोन येतो. आई जेवणाचं विचारते, बाप अभ्यासाचं विचारतो, मी कोण जिंकलं ते विचारतो. मग फोन दादांकडे जातो. त्यांना त्या खेळातलं अजून काही कळत नाही. ते एवढंच विचारतात, "गुडघा कसा आहे रे?"